रोज एक फोटो, दोन ओळी

(महिला बचत गटांसाठीच्या दुपारच्या रेडिओ कार्यक्रमात झालेले भाषण)

दुपारची भांडी आवरली असतील. कुणी शेंगा फोडत असेल, कुणी गोधडीला टाके घालत असेल, आणि शेजारी रेडिओ चालू असेल. हातातलं काम थांबवू नका. आज मला तुमच्याशी त्या कामात असलेल्या हातांबद्दलच बोलायचं आहे.

विषय आहे फोटो काढण्याची हौस. स्टुडिओत जाऊन, पावडर लावून, पडद्यासमोर बसून काढतात तो फोटो नव्हे. आपल्याच हातातल्या मोबाईलवर रोज एक फोटो काढायचा आणि एका वहीत त्याबद्दल दोन ओळी लिहायच्या, एवढंच. मी हे साडेतीन वर्षं करते आहे. मी काही फोटोग्राफर नाही. शिरोळ तालुक्यातल्या नदीकाठच्या गावात राहते, शिक्षण दहावीपर्यंत, घरात दोन म्हशी आणि अर्धा एकर ऊस. तेव्हा मला जमलं ते तुम्हालाही जमेल.

पण ही हौस हौस म्हणून सुरू झाली नाही. ती कशी सुरू झाली ते आधी सांगते.

ऑगस्ट २०१९ चा महापूर तुम्हाला सांगायला नको. आमच्या घरात छातीच्या वर पाणी होतं. जनावरं सोडवली, आत्तींना म्हणजे माझ्या सासूबाईंना ट्रॅक्टरवर बसवलं आणि आम्ही उंचावरच्या गावात शाळेत जाऊन राहिलो. धान्याची पोती गेली, गाद्या गेल्या, टीव्ही गेला. ते सगळं नंतर हळूहळू पुन्हा झालं. पाणी ओसरल्यावर घरात चिखल काढायला आलो, तेव्हा पत्र्याची ट्रंक उघडली. त्यात माझ्या लग्नाचा अल्बम होता. पानं एकमेकांना चिकटून वीट झाली होती. मी घाईघाईनं एक पान सोडवायला गेले, तर एका फोटोवरचे रंग दुसऱ्यावर निघून आले. नवरा-नवरी ओळखू येईनात. तरी त्याचंही मला वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते आईचं.

माझी आई त्याआधी दोन वर्षं वारली होती. तिचा एकच फोटो आमच्याकडे होता, तोही माझ्या लग्नातला, आणि त्यातही ती अर्धीच. बहिणीच्या खांद्यामागून आईचा निम्मा चेहरा दिसायचा आणि हातात बुंदीचं ताट. पूर्ण फोटो का नव्हता? कारण फोटोवाल्यानं “घरच्या मंडळींनी या” अशी हाक दिली, तेव्हा आई पंगतीत वाढत होती. पुढं बारशात, वास्तुशांतीत, भावाच्या लग्नातही तेच. फोटो निघताना ती कुठं होती म्हणून विचारलं, तर उत्तर ठरलेलं, ती आत होती. चुलीपाशी होती, भांड्यांपाशी होती. तो अर्धा चेहरा पुरानं नेला. बहिणीकडच्या अल्बमात तोच फोटो आहे, पण त्यात कापताना आईची बाजू गेली. ताट तेवढं राहिलं आहे.

आता तुमच्या घरचे अल्बम आठवा. लग्नात बायका नटून उभ्या आहेत ते फोटो असतील. पण आयुष्यभर जे काम केलं ते करतानाचा आईचा, आज्जीचा एक तरी फोटो आहे का? भांगलताना, शेण काढताना, जात्यावर, पापड लाटताना? ज्येष्ठ पत्रकार पी. साईनाथ यांनी १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांत फिरून खेड्यातल्या कष्टकरी बायकांचे फोटो काढले. त्या प्रदर्शनाचं नावच असं आहे की काम डोळ्यांना दिसतं, पण करणारी बाई दिसत नाही. मी ते फोटो फार उशिरा, मुलाच्या मोबाईलवर पाहिले. पाहिल्यावर मला माझी आई आठवली, ताट तेवढं राहिलेली.

असो. दोन वर्षांनी, २०२१ च्या जुलैमध्ये, पाणी पुन्हा आलं. तेव्हा मात्र ट्रंक माळ्यावर नेली होती. नेण्यासारखं त्यात फारसं उरलं नव्हतं ही गोष्ट वेगळी.

त्याच वर्षाअखेरीस मुलानं नवा मोबाईल घेतला आणि जुना मला दिला. वरच्या कोपऱ्यात काच तडकलेली. “आई, गाणी ऐक यावर,” म्हणाला. गाणी ऐकली चार दिवस. एका सकाळी आत्ती चुलीपुढं भाकरी थापत होत्या. खिडकीतून ऊन येऊन बरोबर त्यांच्या हातावर पडलं होतं, पिठाची धूळ उन्हात तरंगत होती. मी मोबाईल काढला.

आत्ती म्हणाल्या, “काय करालीस गं?”

“फोटो काढतोय तुमचा, आत्ती. हात तसाच ठेवा.”

“मेल्यावर भिंतीला लावायला काढालीस व्हय?”

मी गप्प झाले. कारण खरं सांगायचं तर मनात तेच होतं. आपल्याकडं म्हाताऱ्या माणसाचा एकटीचा फोटो काढायचा म्हणजे हार घालायची तयारी, अशीच समजूत आहे. म्हणून मी चेहऱ्याचा नाद सोडला आणि फक्त हाताचा फोटो काढला. काटवटीत पसरलेला पंजा, मनगटावर गोंदण, दोन हिरव्या बांगड्या. तो माझा पहिला फोटो. वहीत लिहिलं, “आत्तींचा हात. ज्वारी शाळूची. आज दहा भाकरी.” बस्स. तिथून सुरुवात.

आता कुणी म्हणेल, हे शहरातले छंद, आपल्याला कशाला? तर कोल्हापूरच्या माणसानं कॅमेऱ्याला परकं म्हणू नये. हिंदुस्थानात सिनेमा नुकताच सुरू झाला होता, त्या काळात बाबूराव पेंटर यांनी आपल्या कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. विलायतेहून कॅमेरा मिळेना, तेव्हा १९१८ च्या सुमाराला सहकाऱ्यांना घेऊन त्यांनी तो इथंच, स्वतःच्या हातानं बनवला. सुतारकाम, लोहारकाम, ओतकाम जाणणाऱ्या घरातला माणूस तो. शिक्षण फार नव्हतं, पण चित्र काढायचा हात आणि यंत्र उलगडायची हौस होती. त्या कॅमेऱ्यावर निघालेला ‘सैरंध्री’ १९२० साली पडद्यावर आला. आज खरी कॉर्नरला कॅमेरा स्तंभ उभा आहे, तुम्ही अंबाबाईला जाता-येता पाहिलाही असेल. मात्र त्या स्तंभापाशी उभं राहून एक बाईही आठवावी असं मला वाटतं. ही कंपनी सुरू व्हायला पैसे हवे होते, आणि ते उसने देणाऱ्यांत पुढं होत्या कोल्हापूरच्या गायिका तानीबाई कागलकर. गाण्यावर मिळवलेला पैसा त्यांनी त्या कॅमेऱ्याच्या वेडावर लावला. बचत गटात कर्जाचा ठराव करताना आपण दहा वेळा विचार करतो, तेव्हा मला तानीबाई आठवतात.

आता कामाचं बोलू. फोटो म्हणजे उजेड. मोबाईल किती हजारांचा, हे मागाहून.

उजेड कसा बघायचा हे आपल्याला कुणी शिकवायला नको, कारण कोल्हापूर जिल्ह्यात त्याचा उत्सवच होतो. अंबाबाईचा किरणोत्सव. नोव्हेंबरात ९, १०, ११ तारखेला आणि पुढं ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरतात. पहिल्या दिवशी पायांपर्यंत, दुसऱ्या दिवशी वर, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत, असा तो क्रम. ढग आले किंवा वाटेत काही आडवं आलं तर किरण पोचत नाही आणि लोक हळहळतात. ज्यांनी ते देऊळ बांधलं, त्यांनी दारातून येणारा तिरपा उजेड किती बारकाईनं पाहिला असेल! आपल्या घरालाही दार आहे. सकाळी साडेसात-आठला आणि संध्याकाळी ऊन उतरताना, दाराच्या आत दोन हातांवर जो मऊ उजेड पडतो, त्यात माणसाला बसवा. चेहरा दाराकडं, तुमची पाठ दाराकडं किंवा जरा बाजूला. कसलाही मोबाईल असू दे, फोटो चांगला येतो. हेच दुपारी बारा वाजता अंगणात काढलात, तर पदराखाली डोळ्यांच्या जागी काळे खड्डे दिसतात आणि आपण मोबाईलला नावं ठेवतो. आणि माणूस दारात उभं, बाहेर लख्ख ऊन, आपण घरात, असा फोटो काढला की चेहरा काळा पडतो. आपण आणि माणूस जागा बदलायच्या, एवढंच करायचं असतं.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक माझी काय होती सांगू? कॅमेऱ्याची काच पुसत नव्हते. मोबाईल कमरेला खोचायचा, पिठाच्या हातानं धरायचा, आणि फोटो धुरकट आला की म्हणायचं, जुना आहे, दुसरा घ्यायला पाहिजे. जुन्या मऊ सुती कापडानं मागची बारीक काच पुसा. अर्ध्या बायकांचा मोबाईल तेवढ्यानं नवा होतो.

मग धरायचं कसं. दोन्ही हातांनी, कोपरं पोटाला टेकवून, श्वास रोखून. लहान मुलाचा फोटो असेल तर खाली बसा, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला या. आपण वरून काढतो म्हणून सगळी पोरं मोठ्या डोक्याची आणि तोकड्या पायांची दिसतात. लांबून काढून चित्र बोटांनी मोठं करू नका, त्यानं फोटो फुटतो. दोन पावलं पुढं जा. आणि ज्याचा फोटो काढायचा आहे त्याच्यावर पडद्यावर बोट टेकवा, म्हणजे मोबाईलला कळतं की कुणाकडं बघायचं. मागं दोरीवर वाळत घातलेले कपडे, डोक्यातून उगवल्यासारखा दिसणारा विजेचा खांब, हे आपल्या डोळ्याला दिसत नाही, फोटोत मात्र पहिलं तेच दिसतं. एक पाऊल सरकलं की जातं. रांगोळीचा फोटो वरून, सूर्य वर यायच्या आत काढा, नाहीतर आपलीच सावली रांगोळीवर पडते.

गुऱ्हाळावरचा एक दिवस सांगते, तिथं मी जास्त शिकले. आमच्या गावाशेजारी अजून एक गुऱ्हाळ चालतं. आम्ही चौघी तिथं चिपाडं पसरायला जात होतो. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं म्हणजे त्या नावाला सरकारी शिक्का मिळाला, पण तो गूळ होताना फोटो काढायचं कुणाच्या मनात येत नाही. काहिलीतून वाफ निघते, खाली चुलवाणात जाळ, शेडमध्ये अंधार. पहिले दहा फोटो वाया गेले. कुठं नुसता पांढरा धूर, कुठं काळं. काचेवर वाफ बसायची ती वेगळीच. मग लक्षात आलं की वाफ दिसायला उजेड वाफेच्या पलीकडून पाहिजे. मी काहिलीच्या आड उभी राहिले, समोर शेडची उघडी बाजू येईल अशी. रसात रानभेंडीचं पाणी पडलं होतं, मळी वर आली होती, गुळव्या ती काढत होता. वाफेत त्याचे दोन हात आणि झारा, मागून सकाळचा उजेड. त्या एका फोटोसाठी मला चार सकाळी जावं लागलं. चौथ्या दिवशी गुळव्या म्हणाला, “वैनी, आता माझं हात दुखालं, काढा की बिगी बिगी.” पण मला तो फोटो त्याच्यासाठी नको होता. त्याच्यामागं, अगदी कडेला, डोक्यावर चिपाडांचा भारा घेऊन चाललेली आमच्यातली एकजण त्यात आली आहे. गूळ म्हटलं की लोकांना गुळव्या आठवतो. भारा उचलणारी आठवत नाही.

आता एक चूक सांगते. सांगताना अजून कान तापतात.

आमच्या गटातली एक मैत्रीण, नाव सांगणार नाही. आम्ही उसात भांगलत होतो. पदर खोचलेला, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि कुणाच्या तरी बोलण्यावर ती मान मागं टाकून हसली. असं हसताना मी तिला बारा वर्षांत पाहिलं नव्हतं. मी फोटो काढला आणि संध्याकाळी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. मला तर वाटलं कौतुक होईल. झालंही, आधी. मग तो फोटो कुणीतरी पुढं पाठवला, तो फिरत फिरत तिच्या पुण्याच्या दिराकडं गेला. रात्री घरी फोन. विधवा बाई, रानात अशी हसते, आणि फोटो गावभर. तिला पंधरा दिवस टोळीत येऊ दिलं नाही. रोजगार बुडाला. ती माझ्याशी दोन महिने बोलली नाही. मी फोटो काढून टाकला, पण बाकीच्यांच्या मोबाईलमधला कसा काढणार?

पुढं एक दिवस गिरणीत गाठ पडली. ती एवढंच म्हणाली, “तुला चांगला दिसला म्हणून तू टाकलास. मला इचारलंस का?”

तिच्या दिराचं वागणं बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. हसायला बंदी कुणी घालावी? पण ती भांडणं तिची तिनं, तिला वाटेल तेव्हा करायची होती. मी माझ्या हौसेपायी तिला त्यात ढकललं. तेव्हापासून मी दोनदा विचारते. काढायच्या आधी एकदा, आणि दुसऱ्या कुणाला दाखवायच्या आधी पुन्हा एकदा. नाही म्हटलं की नाही. ती म्हणेल तर तिच्यासमोर पुसून टाकायचा. लहान मुलांच्या बाबतीत त्यांच्या आईला विचारायचं. आणि पासबुक, आधार कार्ड, घराचं कुलूप, गळ्यातलं सोनं हे फोटोच्या कोपऱ्यात तर येत नाही ना, ते पाहायचं. तिचा तो हसरा फोटो आता फक्त तिच्याकडं आहे. मी तो छापून तिला दिला. तिनं तो कुठं ठेवला मला माहीत नाही, विचारलंही नाही.

फोटोखाली नाव लिहायचं की नाही, हाही प्रश्न यातूनच आला. ज्यांची हरकत नाही त्यांचं पूर्ण नाव मी वहीत लिहिते. नुसतं “एक कष्टकरी महिला” असं लिहीत नाही. कोण, कुठं, कधी, काय करताना. कोल्हापुरी चपलेचंच बघा. २०१९ साली आपल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून तिचं मानांकन मिळालं. २०२५ च्या जूनमध्ये इटलीतल्या मिलान शहरात प्राडा नावाच्या मोठ्या कंपनीनं तशाच चपला दाखवल्या, आणि त्यात कोल्हापूरचं नाव नव्हतं. इथं ओरड झाली, मग कंपनीनं ते मान्य केलं. ते झालं ते बरंच झालं. पण चपलेची बारीक चामड्याची वेणी घालणाऱ्या आणि टाके घालणाऱ्या कितीतरी हातांत बायकांचे हात असतात, त्यांचं नाव आपण तरी कुठं घेतो? माझ्या मावसबहिणीची शेजारीण हे काम करते. तिला विचारून मी वेणी घालतानाचे सात फोटो काढले, पहिल्या पेडापासून शेवटच्या गाठीपर्यंत. सातही फोटोंमागं तिचं नाव आहे.

नावावरून होमाई व्यारावाला आठवल्या. आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. जन्म १९१३, पारशी घर, वडील नाटक मंडळीत. वाढल्या, शिकल्या मुंबईत, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. त्यांचे सुरुवातीचे फोटो छापून आले ते नवऱ्याच्या नावानं, कारण बाईच्या नावाला कोण विचारणार! पुढं दिल्लीला गेल्या. साडी नेसून, खांद्याला जड कॅमेरा लावून सायकलवरून कामाला जायच्या. नेहरू, गांधी, स्वातंत्र्याचे ते दिवस, सगळं त्यांच्या कॅमेऱ्यातून आपल्यापर्यंत आलं आहे. गाडीचा नंबर डी.एल.डी. १३ होता म्हणून त्यांनी स्वतःला ‘डालडा १३’ असं गमतीचं नाव घेतलं होतं. २०११ साली पद्मविभूषण मिळालं, पुढच्याच वर्षी त्या गेल्या. मोठ्या माणसांचे फोटो त्यांनी काढले म्हणून मला त्यांचं अप्रूप नाही. गर्दीतले पुरुष त्यांना फारसं मनावर घेत नसत, आणि त्याचाच फायदा घेऊन त्या आपलं काम करून जात, हे मला आवडतं. हे आपल्यालाही येतं की. मोबाईल हातात घेतलेल्या बाईकडं कोण बघतंय?

आता तुमच्यातल्या काहींच्या मनात असेल की यातून उत्पन्न किती? गटात हा प्रश्न हमखास येतो. कुणी छान भरतकाम केलं की लगेच म्हणतात, विकायला ठेव. गाणं म्हटलं की ऑर्डर घे. मला वाटतं एखादी गोष्ट बाईनं नुसती आवडते म्हणून करावी. चटणीच्या पाकिटाचा चांगला फोटो निघाला आणि चार गिऱ्हाईकं वाढली तर आनंदच आहे, पण मी त्यासाठी काढत नाही. म्हैस रवंथ करताना, पावसानंतर उसाच्या पानावर पाणी थांबलेलं, आत्तींची चंची, यातून कसलं उत्पन्न?

घरात मोबाईल एकच आणि तो नवऱ्याकडं, अशी परिस्थिती असेल तर? आमच्या गटात तिघींची आहे. त्या दिवसातून पाच मिनिटं मागून घेतात. एकीला सुरुवातीला “कुणाला पाठवतीस?” असं विचारलं गेलं. तिनं नवऱ्याचाच फोटो काढला, बैलाला पाणी दाखवताना. आता तो स्वतःच मोबाईल पुढं करतो.

वही मात्र करायचीच. मोबाईलमध्ये हजार फोटो साठतात आणि एकही सापडत नाही. संध्याकाळी दिवसभराच्या फोटोंतला एक ठेवायचा, बाकीचे निर्दयपणे पुसायचे. वहीत तारीख आणि दोन ओळी. फोटोत जे दिसत नाही ते ओळीत लिहायचं. वास, भाव, कोण काय म्हणालं. “कांदा आज आठ रुपयांनी मागितला, दिला नाही” हे फोटोत येत नाही. लिहिता येत नसेल तर नातवंडांना सांगून लिहून घ्या, त्यांनाही गोष्टी कळतात. महिन्याच्या शेवटी चार-पाच फोटो तालुक्याच्या लॅबमध्ये चार बाय सहाचे छापून आणायचे आणि वहीत लावायचे. मागं पेन्सिलीनं नाव-तारीख घालायची, पेनाची शाई फुटते.

आणि हे आजच करा, पुढं ढकलू नका. घरातले जुने फोटो बाहेर काढा. भिंतीवरचे, अल्बममधले, रेशनकार्डाला लावलेले सुद्धा. खिडकीपाशी सावलीत पाटावर ठेवा, फ्लॅश बंद करा, मोबाईल अगदी समांतर धरा आणि एकेकाचा फोटो घ्या. मग ते सगळे दुसऱ्या गावातल्या बहिणीला, मुलीला पाठवून द्या. पाणी एकाच वेळी सगळीकडं येत नाही. आणि पुढं कधी अल्बम भिजलाच, तर माझ्यासारखी ओढाताण करू नका. वाळायच्या आत, ओला असतानाच, चिकटलेले फोटो स्वच्छ गार पाण्यात भिजत घाला, आपोआप सुटतील तेवढेच सोडवा, हलक्या हातानं गाळ धुवा आणि चित्राची बाजू वर करून सावलीत स्वच्छ कापडावर पसरा. उन्हात नाही, इस्त्री तर मुळीच नाही. हे मला २०१९ मध्ये कुणी सांगितलं असतं तर, असं अजून वाटतं.

मागच्या दिवाळीत मी वह्या मांडून बसले होते. तीन वह्या भरल्या. आत्ती शेजारी होत्या. त्यांना वाचता येत नाही, पण फोटो त्या एकेक करून पाहतात आणि आता रोज संध्याकाळी विचारतात, “आजचा काढलास का न्हाई?” तिन्ही वह्या पाहून झाल्यावर म्हणाल्या, “सगळी हायत की गं यात. म्हस हाय, कुत्रं हाय. तू कुठं हायस?”

मी शोधलं. खरंच नव्हते. तीन वर्षांत मी एकाही फोटोत नव्हते. आईसारखंच झालं म्हणायचं. ती ताटामागं राहिली आणि मी मोबाईलमागं.

मग मी मोबाईल आत्तींच्या हातात दिला, कुठं दाबायचं दाखवलं आणि चकल्या तळायला बसले. त्यांनी बराच वेळ घेतला. फोटो तिरका आला आहे, एका कोपऱ्यात त्यांचा अंगठा आहे, माझा एक डोळा मिटलेला आहे आणि कढईतला धूर सगळीकडं पसरला आहे. वहीत त्याच्याखाली आत्तींनी सांगितलेल्या दोन ओळी लिहिल्या आहेत. “सून चकल्या करतीया. निम्म्या तुटल्या.”

आमच्या गटाची बैठक दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी असते. हप्ते जमा झाले की शेवटची पंधरा मिनिटं प्रत्येकीनं एक फोटो दाखवायचा आणि त्याबद्दल बोलायचं, असं आम्ही सहा महिने करतो आहोत. तुमच्या गटात सुरू करायचं असेल तर पहिला विषय सोपा ठेवा, घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईचे हात. त्यांना विचारून काढा. आणि काच पुसून घ्या.